ऐनाजवळची सैल तार

अर्ज लिहिण्याचं वेड मला लहानपणापासून. चौथीत असताना बाच्या रेशनकार्डाचा अर्ज मीच लिहिला होता, वहीच्या मधल्या जोडपानावर, समास आखून. बा म्हणजे माझा बाप. त्याला अक्षर येत नव्हतं. पण माझा कागद तो हातात घ्यायचा, जरा लांब धरून बघायचा आणि म्हणायचा, चांगलं काढलंस, बाय. मग हळूहळू पाड्यावरच्या निम्म्या घरांचे अर्ज माझ्या हातचे व्हायला लागले. विहिरीचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, रस्त्यावरच्या मोरीचा अर्ज. पुढे शिक्षिका झाले, लग्न होऊन जव्हारला राहायला आले, तरी खोड गेली नाही. कुठे काही खटकलं की माझा हात पेनाकडे जातो. नवरा म्हणायचा, हिला स्वर्गात जागा मिळाली नाही तर ही दारातच अर्ज लिहायला बसेल. हल्ली तो असलं काही म्हणत नाही.

आमचा पाडा खोडाळ्याच्या पुढे, आणि पाड्याच्या डोक्यावर माळ. माळाच्या एका कडेला वाघदेवाचा दगड आहे. गुडघ्याएवढा, शेंदूर फासलेला, ओळख नसलेल्याला दिसणारही नाही असा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा आमच्याकडचे गुराखी घरोघरून ओंजळ ओंजळ तांदूळ आणि गूळ मागतात आणि त्या दगडापाशी चूल मांडून खीर शिजवतात. खीर देवाला दाखवून झाली की एक जण वाघ होतो. अंगावर घोंगडी घेऊन तो दगडाजवळ उभा राहतो आणि सगळ्यांत जुना गुराखी हातातली काठी आपटून त्याला विचारतो, "परत आमच्या शिवारात येशील?" वाघाने "नाय येणार" म्हणायचं आणि पळत सुटायचं. बाकीचे ओरडत त्याला शिवेपर्यंत पिटाळतात. एवढं झालं की पाड्यातली गुरं वर्षभर निर्धास्त.

हा प्रश्न विचारायचा मान काठीचा. काठी तिवसाच्या लाकडाची, बाच्या आधी दोघांनी वापरलेली, मुठीपाशी काळी तुळतुळीत झालेली. ती कोणी कोणाच्या हातात देत नाही. ज्याची काठी त्याने स्वतःच्या हाताने ती वाघदेवापुढे आडवी ठेवायची, आणि पुढच्याने तिथून उचलायची. बाने ती उचलली तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

पाच वर्षांपूर्वी माळावर पर्यटकांसाठी तंबू आले. पक्के, ओट्यावर बांधलेले, आत पलंग आणि बाहेर खुर्च्या. सभोवार तारेचं कुंपण झालं, फाटक लागलं, फाटकावर पाटी लागली की प्रवेश फक्त ऑनलाइन आरक्षण असलेल्यांनाच. वाघदेव कुंपणाच्या आत गेला. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. नकाशावर असले दगड दाखवायची पद्धत नाही. फाटकावर नेमलेला माणूस शेजारच्याच पाड्यावरचा, कंत्राटी. त्याला दगड माहीत होता. कुंपण घालताना त्याने मागच्या बाजूला, ऐनाच्या झाडापाशी, तारेचे दोन पदर ठोकलेच नाहीत, नुसते खिळ्याला अडकवून ठेवले. वाघबारशीला दुपारी तो ते सोडवायचा, गुराखी वाकून आत जायचे, खीर व्हायची, वाघ पळायचा, आणि तंबूतले पाहुणे चहाला उठायच्या आत सगळं आवरलेलं असायचं. पुढची चार वर्षं असंच चाललं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मलाही ठाऊक होतं.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी बा माझ्याकडे जव्हारला राहायला आला. त्याला चार पावलं टाकली की धाप लागत होती. नाशिकच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय फार थकलंय, पुढची दिवाळी धरू नका. मी बाला काही बोलले नाही. पण त्याला कळलं असावं, कारण श्रावणात एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला की या बारशीला काठी खाली ठेवतो. मग त्याने सगळं ठरवूनच सांगितलं. जीप ऐनापर्यंत जाते. तिथून पोरं धरतील. वाकून जाईन.

पोरं म्हणजे पन्नाशीचे बाप्ये. पण माझं लक्ष त्या पोरांवर नव्हतं, त्या वाकण्यावर गेलं. धड चालता येत नाही असा माझा बाप, आणि तो त्याच्याच देवाकडे तारेखालून चोरासारखा जाणार? माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, मागून कशाला? समोरच्या फाटकातून जायचं, यादीत नाव लावून, ताठ. बा म्हणाला, कशाला गं. मी म्हटलं, तू गप बस, मी आहे ना. मी पगारदार बाई, हातात स्मार्टफोन, शाळेची अख्खी ऑनलाइन माहिती मी भरते, मला एका तंबूचं बुकिंग जमणार नाही? असा ताठा होता माझा. आता आठवला की कानाखाली वाजवावीशी वाटते, स्वतःच्याच.

आरक्षण एक महिना आधी सकाळी दहाला उघडतं. वाघबारस म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस, मुंबई-ठाण्याची माणसं टपूनच बसलेली. पहिल्या दिवशी मी वर्गाला शुद्धलेखन घालून पायरीवर येऊन बसले, कारण आमच्या शाळेत रेंज फक्त त्या एका पायरीवर येते. दहा वाजले. गोल गोल फिरणारं चक्र दहा मिनिटं बघितलं. मग पानाने विचारलं, आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडा. जव्हारात मी आजवर सिग्नल पाहिला नाही. तरी निवडले. चुकले. मग झेब्रा पट्टे, मग दुचाकी. आत जाईपर्यंत सगळे तंबू लाल झाले होते. वर्गात परत आले तर पोरांनी शुद्धलेखन सोडून माझी नक्कल चालवली होती, फोन आभाळाकडे धरून.

मग रद्द झालेले तंबू पकडायचे म्हणून मी रोज बघायला लागले. एकदा एक हिरवा सापडला. घाईघाईने माहिती भरली. गाव निवडा. आमच्या पाड्याचं नाव यादीत नाही. ज्या जमिनीवर तंबू उभे तिचंच नाव नाही. खोडाळा टाकलं. भेटीचा उद्देश. सहल, छायाचित्रण, वाढदिवस, कार्यालयीन संमेलन, इतर. मी इतर निवडलं तर खाली चौकट उघडली, कृपया तपशील द्या. मी लिहिलं, वाघदेवाला काठी ठेवणे. चौकट देवनागरी घेईना. इंग्रजीत लिहिलं तर म्हणाली, अक्षरं जास्त झाली. मी ते कमी करत बसले तेवढ्यात फोनवर पाटी आली की आपले सत्र संपले आहे. पायरीवर बसून मी अक्षरशः रडले. संतापाने रडले, दुःखाने नाही. दुःख अजून यायचं होतं.

शेवटी प्रतीक्षा यादीत नाव लागलं, क्रमांक दोन. बाला सांगितलं. तो म्हणाला, म्हंजी काय? मी म्हटलं, दोन माणसं नाही आली तर तू. बा म्हणाला, कोणाच्या सणाच्या दिवशी त्यांनी येऊ नये असं कसं म्हणायचं गं आपण? मला त्याचा रागच आला. या माणसाला कधीच काही मागता येत नाही, असं वाटलं.

मदतीच्या क्रमांकावर फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगायची, आपण रांगेत आहात. सलग चार दिवस मी रांगेत होते. पाचव्या दिवशी माझा हात पेनाकडे गेला.

संकेतस्थळावर तक्रारीची खिडकी होती. तीही देवनागरी घेत नव्हती, पण कागदाचा फोटो चढवता येत होता. मग काय, मी पांढरा फुलस्केप घेतला, समास आखला आणि माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात दोन पानं लिहिली. वाघबारशीची माहिती दिली. स्थानिकांना त्या दिवशी आरक्षणाशिवाय प्रवेश मिळावा अशी नम्र विनंती केली. आणि मुद्द्याला धार यावी म्हणून दुसऱ्या पानावर एक वाक्य घातलं, जे मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. गेली चार वर्षे आमच्या वृद्ध गुराख्यांना मागील बाजूस ऐनाच्या झाडाजवळील सैल तारेखालून वाकून आत जावे लागते, ही आपल्या व्यवस्थेला लाज आणणारी बाब आहे. खाली सही. नाव, हुद्दा, शाळा.

ते वाक्य लिहून मी खूश झाले होते. नवऱ्याला वाचून दाखवलं. तोही म्हणाला, झकास. आम्हा दोघांनाही, पदव्या घेतलेल्या दोन माणसांना, ते वाक्य काय करणार आहे हे दिसलं नाही. पाड्यावरच्या कुठल्याही बाईला दिसलं असतं.

उत्तर आलं, आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. मला वाटलं काम झालं. प्रतीक्षा यादीत आमचा क्रमांक एक झाला तेव्हा तर वाटलं, देवच पावला.

वाघबारशीला मी खोडाळ्याची जीप ठरवली. बाला नवी बंडी घातली, पांढरी टोपी दिली. काठी त्याने वाटभर मांडीवर आडवी धरली होती. मोखाड्याच्या पुढे शेतात कापलेल्या नागलीचे भारे पडले होते, ते बघून त्याने विचारलं की यंदा दाणा कसा आहे. मी म्हटलं, मला काय ठावं. तो हसला. त्या दिवशी तो चांगला होता, धापही कमी होती. फोनवर अजून क्रमांक एकच दिसत होता, पण माझ्या पिशवीत सगळ्या कागदांच्या प्रती होत्या आणि तोंडात भाषण तयार होतं.

फाटकापाशी गुराखी आधीच बसलेले. फाटकाच्या बाहेर, डांबरी रस्त्याच्या कडेला, खिरीचं पातेलं विटांवर ठेवून. मी विचारलं, इथे का? सगळे बाच्याकडे बघायला लागले, माझ्याकडे कोणीच बघेना.

फाटकावरचा माणूस केबिनमधून बाहेर आला. बाच्या पाया पडला. मग मला म्हणाला की बाई, यादीत नाव नाही, आणि आता वरच्यांनी कॅमेरा बसवलाय. मी भाषण सुरू केलं. त्याने ते मध्येच थांबवलं, अगदी हळू. म्हणाला, "बाई, मी मागून नेलं असतं त्यांना. उचलून नेलं असतं."

आणि त्याने माळाच्या मागच्या कडेला हात केला. ऐनापाशी नवी कोरी तार चमकत होती, खालपासून वरपर्यंत, घट्ट ताणलेली. आठवड्यापूर्वी माणसं येऊन ठोकून गेली होती. त्याला नोटीस मिळाली होती, पुन्हा असं आढळलं तर कंत्राट रद्द. ती नोटीस केबिनच्या काचेला आतून चिकटवून ठेवायला सांगितली होती, आणि तिच्या शेजारी, कशावरून कारवाई झाली ते कळावं म्हणून, माझा अर्ज. दोन्ही पानं. छापून काढलेला, तरी अक्षर माझंच, समास आखलेला.

मी बाच्या आणि काचेच्या मध्ये उभी राहायचा प्रयत्न केला. उशीर झाला होता. जीपचं दार उघडं होतं आणि बा आतूनच तिकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्याने मान जरा मागे नेली, कागद लांब धरल्यावर न्यायचा तशी, आणि म्हणाला,

"हे तुझं अक्षर."

बस. एवढंच. त्यात प्रश्न नव्हता आणि राग नव्हता. राग असता तर मी आज बरी असते.

मग माझंच डोकं फिरलं. मी म्हटलं फाटक उघडा, काय व्हायचं ते होऊ दे, मी बघते, वरपर्यंत जाते. बाने काठीचं टोक माझ्या हाताला लावलं आणि म्हणाला, "त्याची भाकर नको घालवू, बाय. झालं तेवढं पुरे."

आत तंबूतली एक बाई हे सगळं बघत उभी होती. मुंबईची असावी, पोरीला घेऊन आलेली. ती तारेपाशी आली, काय आहे ते विचारलं, आणि समजल्यावर तिचे डोळे भरले. म्हणाली, आमच्यातलं एक नाव काढून आजोबांचं घालू का? फाटकावरच्या माणसाने मान हलवली, नावं ओळखपत्राशी जुळवतात. मग तिने हात पुढे केले. म्हणाली, खीर तरी द्या, मी ठेवते. पळसाच्या पानावरची खीर तारेतून तिच्या हातात दिली. तिने चप्पल काढली, आम्ही बाहेरून सांगितलं तशी चालत गेली, आणि दगडापुढे पान ठेवून हात जोडले. माझ्या मनात त्या बाईबद्दल काहीही वाईट नाही. तिने नशिबाने हिरवा तंबू पकडला होता एवढंच.

तिने काठीसाठीही हात केला. बाने काठी छातीशी धरली. ती दुसऱ्याच्या हाताने ठेवायची नसते हे तिला कोण सांगणार. बा नुसता म्हणाला, नको माय, ऱ्हाऊ दे.

वाघ झालेला गुराखी रस्त्यावरच घोंगडी घेऊन उभा राहिला. बाने जीपमध्ये बसूनच काठी जीपच्या पत्र्यावर आपटली आणि प्रश्न विचारला. आवाज फुटेना म्हणून दोनदा विचारला. वाघ पळाला, बाकीचे मागे लागले, तेवढ्यात समोरून गाडी आली आणि सगळे कडेला झाले. शिव माळाच्या पलीकडे होती, कुंपणाच्या आतून जायची. त्यामुळे वाघ कुठवर पळवायचा ते कोणालाच कळेना. तो थोडा पुढे गेला आणि परत आला.

घरी येताना बा झोपला. काठी माझ्या मांडीवर होती. पंधरा दिवसांनी मला संदेश आला की आपले प्रतीक्षा यादीतील आरक्षण तंबू उपलब्ध न झाल्याने आपोआप रद्द झाले आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बा सांगायचा की पोरीने माझ्यासाठी लई खटपट केली. मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. अर्जाचा विषय त्याने कधीच काढला नाही. मीही काढला नाही. रोज म्हणायचे, आज बोलेन, बा, माझं चुकलं म्हणेन. औषध द्यायला जायचे, गोळी द्यायचे, पाणी द्यायचे आणि परत यायचे. पौषात एका सकाळी चहा घेऊन गेले तर तो गेलेला होता. चार शब्द होते माझे, तेही वेळेवर पोचले नाहीत. जन्मभर अर्ज लिहिणारी मी.

पाड्यावर नेला. गुराख्यांनी विचारलं, काठी कुठाय? मला वाटलं घेऊन जातील. तर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला की देवापुढे न ठेवता धनी गेला तर काठी त्याच्याबरोबरच द्यायची असते. मी हे कधी ऐकलं नव्हतं, कारण आजवर तशी वेळ कधी आलीच नव्हती. काठी त्याच्या उजव्या हाताशी ठेवली. तिवसाचं लाकूड फार चिवट, जळायला खूप वेळ लागला. मी शेवटपर्यंत थांबले.

यंदाच्या वाघबारशीला मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं तरी गेले, तांदूळ आणि गूळ घेऊन. कोणी मला बोललं नाही, कोणी टाळलंही नाही. बसायला पोतं टाकलं. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला खीर शिजली. कुंपणाच्या आत पाहुण्यांची पोरं फुगे फोडत होती. पानावर खीर काढून दगडाच्या दिशेने तारेखाली ठेवली. मग एकाने घोंगडी अंगावर घेतली आणि तो वाघ होऊन मधे उभा राहिला.

आम्ही सगळे बसलेलो. काठी कोणाच्याच हातात नव्हती. वाघ जरा वाट बघत राहिला, एकदा त्याने माझ्याकडेही बघितलं. कोणी काही विचारलं नाही. मग त्याने घोंगडी काढली, घडी केली आणि आमच्यात येऊन खीर खायला बसला.